घरातून काढलं, आता काय? बडोद्यातल्या मराठी घरांतून वारंवार येणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, कारेलीबाग, हल्ली मांजलपूरपर्यंत पसरलेल्या मराठी घरांतून गेली काही वर्षं मला जे मेसेज येतात, त्यांतले हे प्रश्न. विचारणारे बहुतेक सतरा ते पंचविशीतले. कोणी गे, कोणी लेस्बियन, कोणी ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही), कोणी अजून स्वतःलाच नीट न उमगलेलं. कधी त्यांच्या आया विचारतात, एकदा एका आजोबांनी विचारलं. मी वकील नाही, निवृत्त शिक्षिका आहे. कायद्याचा भाग वकील मैत्रिणीकडून तपासून घेतलाय. उदाहरणांतल्या खुणा बदलल्या आहेत, कारण बडोद्यातल्या मराठी माणसांत "कोणाचा रे तू?" याचं उत्तर दोन फोनांत मिळतं.

प्रश्न आज रात्रीचाच असेल तर बाकीचं सोडा आणि प्रश्न २ वर जा.

१. मला कोणी घराबाहेर काढलेलं नाही. फक्त बाबा तीन महिने बोलत नाहीत आणि पुढच्या वर्षाची फी भरणार नाही म्हणतात. याला "घरातून काढणं" म्हणायचं का?

म्हणायचं. बहुतेकांचं घर एका रात्रीत सुटत नाही. आधी फोन तपासला जातो. मग वायफायचा पासवर्ड बदलतो. मग गणपतीला मुंबईचे पाहुणे येणार असतात, म्हणून "तू दोन दिवस मित्राकडे जा, उगाच तमाशा नको." दोन दिवसांचे आठ होतात. शेवटी "चालता हो" असं कोणीच म्हटलेलं नसतं, पण परत येऊन बघावं तर दाराचं कुलूप नवीन.

मित्राच्या हॉलमध्ये, मावशीच्या गच्चीवरच्या खोलीत, हॉस्टेलात कोणाचा तरी पाहुणा म्हणून झोपणारं मूल बेघरच असतं. फुटपाथवर दिसत नाही म्हणून ते कोणाच्या हिशेबात येत नाही, एवढंच. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले. मोजले ते उघड्यावर, पुलाखाली, फलाटावर राहणारे. सोफ्यावरच्या मुलासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

तेव्हा अबोला सुरू झाला की प्रश्न ५ मधली तयारीही सुरू करा. गरज पडली नाही तर उत्तमच.

२. आत्ता रात्रीचे दहा वाजलेत आणि मी बाहेर आहे. कुठे जाऊ?

आधी फोनची बॅटरी बघा. मोबाइल डेटा बंद करा आणि लागणारे तीन-चार नंबर कागदावर लिहून घ्या.

मारहाण झाली असेल किंवा कोणी मागावर असेल तर ११२. मुलगी किंवा स्त्री असाल तर गुजरातेत १८१ अभयम ही महिलांची हेल्पलाइन आहे, ती चोवीस तास चालते. वय अठराच्या आत असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ (प्रश्न ३ पाहा). जीव नकोसा झाला असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. हाही चोवीस तास आणि फुकट. तिथे "मी गे आहे" असं सांगण्याची गरज नाही, "घरातून काढलंय आणि मला भीती वाटतेय" एवढं पुरे.

मग एकाच माणसाला फोन करा, पण मागणी मोजून मापून करा. "काही दिवस राहू का?" म्हटलं की समोरच्याच्या पोटात गोळा येतो. "आज रात्री झोपायला जागा हवी, उद्या नऊला निघतो" म्हटलं की बहुधा होकार मिळतो. नऊनंतरचं नऊनंतर बघता येतं. शाळेतल्या जुन्या बाई, क्लासचे सर, कामावरची ताई यांचा विचार आधी करा. नातेवाइकाकडून बातमी घरी पोहोचायला वेळ लागत नाही.

कोणीच नसेल तर उजेड आणि माणसं असलेली जागा धरा. स्टेशन कमाटीबागेच्या कट्ट्यापेक्षा केव्हाही बरं. एक मुलगा आणंदचं तिकीट हातात धरून तीन रात्री स्टेशनावर बसला होता. चौथ्या रात्री रेल्वे पोलिसांनी हटकलं, आणि घाबरून तो खरं बोलला म्हणून वाट निघाली. महापालिकेचे रैनबसेरे (रात्रीचे निवारे) आहेत, तिथे स्त्री आणि पुरुष असे वेगळे भाग असतात. आधार असेल तर सोबत ठेवा. ट्रान्स मुलामुलींना त्या दोन भागांत खूप अवघड जातं, त्यांनी प्रश्न ४ पाहावा.

एक गोष्ट मात्र करू नका. डेटिंग ॲपवर "जागा आहे का" म्हणून विचारू नका. त्या रात्री जागा मिळते, सकाळी तिची किंमत सांगितली जाते, आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस फोटो दाखवून पैसे मागतो.

३. मी सतरा वर्षांचा आहे. चाइल्डलाइनला फोन केला तर ते मला पुन्हा घरीच सोडतील ना?

ही भीती मला समजते, आणि ती साफ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याचा कल मुलाला कुटुंबात परत नेण्याकडेच आहे. पण निर्णय फोन उचलणाऱ्याच्या किंवा पोलिसांच्या हातात नसतो. मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, आणि मुलाचं म्हणणं ऐकणं हे तिचं काम आहे. तुम्ही स्वतःही समितीसमोर जाऊ शकता.

तिथे सगळ्यात आधी मारहाण, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, शाळा बंद करणं हे तारखांसकट सांगा. समितीतल्या सगळ्यांना लैंगिकतेबद्दल कळतंच असं नाही, पण पट्ट्याचे वळ कोणालाही कळतात. अंगावर खुणा असतील तर फोटो काढून ठेवा, सरकारी दवाखान्यात दाखवा, केसपेपर जपा. घरी जाणं सुरक्षित नसेल तर समिती बालगृहात किंवा दुसऱ्या योग्य नातेवाइकाकडे ठेवू शकते. मराठी घरांत असा एखादा मामा किंवा आत्या बहुधा निघते. तिचं नाव आधीच मनात धरून जा.

४. गरिमा गृह म्हणजे काय? बडोद्यात आहे म्हणे. मी गे मुलगा आहे, मला तिथे राहता येईल का?

सरकारी योजनेतला निवारा. बडोद्यात आहे, आणि देशात या योजनेची सुरुवातच बडोद्यातून झाली. २५ नोव्हेंबर २०२० ला केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने इथल्या गरिमा गृहाचं उद्घाटन केलं. ते चालवायला लक्ष्य ट्रस्टकडे दिलं, जो २००० सालापासून काम करतोय. राहणं, जेवण, दवाखाना, समुपदेशन आणि काहीतरी कामाचं शिक्षण, असं त्याचं स्वरूप.

पण ते ट्रान्स व्यक्तींसाठी आहे, तेही अठरा वर्षांवरच्या. गे मुलगा किंवा लेस्बियन मुलगी केवळ त्या कारणावर तिथे राहू शकत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी म्हणून वेगळं सरकारी घर कुठेच नाही. तरीही संस्थेला फोन करायला हरकत नाही, तिथल्या माणसांना शहरातल्या खोल्या, वकील, डॉक्टर माहीत असतात. मुली आणि ट्रान्स मुलगे यांच्यासाठी बडोद्यात 'विकल्प' ही महिला संस्था बरीच वर्षं काम करते. मुलींचे प्रश्न वेगळे असतात (मुलाला हाकलतात, मुलीला कोंडतात, असं माझं निरीक्षण आहे), आणि ते तिथे लवकर कळतात.

५. निघताना बरोबर काय घ्यावं? सगळे कागद बाबांच्या कपाटात आहेत.

कपड्यांची बॅग भरणारे खूप पाहिले. कागदांची पिशवी भरणारे थोडे, आणि तेच लवकर सावरले.

आधार, पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, जातीचा दाखला असेल तर तो, बँकेचं पासबुक आणि कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी. असेल तर पासपोर्ट. मूळ प्रती काढता येत नसतील तर घरात कोणी नसताना प्रत्येकाचा सपाट, चांगल्या उजेडातला फोटो घ्या आणि घरच्यांना ठाऊक नसलेल्या ईमेलवर पाठवा.

मूळ कागद हाती लागलेच नाहीत तरी आकाश कोसळत नाही. आधार आणि पॅन ऑनलाइन पुन्हा उतरवून घेता येतात, बोर्डाची गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळते, आणि डिजिलॉकरमधून घेतलेल्या कागदाला कायद्याने मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. शाळेच्या दाखल्याची दुसरी प्रत शाळा देते.

खरा घोळ होतो तो सिमकार्डाचा. सिम बाबांच्या नावावर, आधार त्या नंबरला जोडलेलं, बँकही त्याच नंबरला. बाबांनी सिम बंद केलं की ओटीपी येत नाही, ओटीपी नाही तर आधार नाही, आधार नाही तर नवीन सिमसुद्धा अवघड. म्हणून पहिलं काम स्वतःच्या नावाचं सिम, दुसरं आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलणं. त्याला कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे लागतात, आणि ते तुमच्याजवळच असतात. तिसरं काम, आईबरोबर जोडखातं असेल तर स्वतःचं वेगळं खातं. पगार किंवा शिष्यवृत्ती त्यात वळवा.

एका मुलीने आपले कागद श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून माझ्याकडे आणून ठेवले होते. फ्रीजमध्ये दिसला तर कोणी उघडणार नाही म्हणून आधी घरी तसाच ठेवला होता, म्हणाली. आता माझ्या कपाटात अशा चार-पाच जणांच्या पिशव्या असतात. विश्वासातलं असं एखादं कपाट शोधून ठेवा.

६. घरी सांगू का? लपवून जगण्याचा वीट आलाय.

याचं उत्तर मी पूर्वी फार सहज देत असे. "सांगून टाक, आईला सगळं कळत असतं," असं मी एकाला म्हटलं होतं. त्याने रविवारी जेवताना सांगितलं, आणि संध्याकाळी तो माझ्या दारात होता. बारावीच्या परीक्षेला दोन महिने होते. त्यानंतर मी असं कोणाला म्हणाले नाही.

आता मी उलटं विचारते. उद्या बाहेर काढलं तर तीन महिन्यांचं भाडं आणि जेवण निघेल का? फी कोण भरतं? कागद कुठे आहेत? यांतल्या एकाचंही उत्तर "बाबा" असेल, तर थांबण्यात भेकडपणा नाही. सांगायचंच असेल तर आधी घरातल्या एकाला सांगा, सगळ्यांना एकदम नको. धाकटी आत्या किंवा मोठी बहीण बहुधा बरी पडते. सणाच्या दिवशी नको, परीक्षेच्या तोंडावर नको, आणि चारचौघांत तर मुळीच नको. आपल्याकडे चारचौघांत झालेला अपमान माणूस विसरत नाही, मग तो तुम्ही केलेला नसला तरी.

७. बाबा म्हणतात घर माझं आहे, निघ. ते मला कायद्याने काढू शकतात का?

तुम्ही कोण आहात आणि घर कोणाचं आहे, यावर ते ठरतं.

अठराच्या आत असाल तर नाही. सांभाळ आणि खर्च ही आईवडिलांची कायदेशीर जबाबदारी आहे.

ट्रान्स असाल तर २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम १२ तुमच्या बाजूने आहे. आईवडील किंवा जवळचं कुटुंब राहतं त्या घरात राहण्याचा आणि तिथून वगळलं न जाण्याचा हक्क त्यात आहे. ट्रान्स व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणं हा कलम १८ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं आणि दंड.

मुलगी असाल, मग लेस्बियन असा किंवा नसा, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बघा. लोकांना वाटतं तो सुनांसाठीच आहे. तो मुलीला आणि बहिणीलाही लागू होतो, आणि न्यायदंडाधिकारी "हिला घराबाहेर काढू नये" असा आदेश देऊ शकतात. हे मुलींना कोणी सांगतच नाही.

सज्ञान गे मुलगा असाल आणि घर बाबांच्या स्वतःच्या कमाईचं असेल, तर बाजू लंगडी आहे. तिथे तुम्ही त्यांच्या मर्जीने राहता असंच न्यायालयं मानत आली आहेत. मारहाण, कोंडणं, धमकी यांची तक्रार करता येते, पण घरावर हक्क सांगता येत नाही. वडिलोपार्जित घराची गोष्ट वेगळी, ती प्रश्न ८ मध्ये आहे.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नंबर १५१००. स्त्रिया, अठराच्या आतली मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असलेले यांना वकील फुकट मिळतो.

८. घरच्यांनी पेपरात जाहीर नोटीस दिली की आमचा मुलाशी संबंध नाही. माझा हिस्सा गेला का?

नोटिशीने हिस्सा जात नाही. शेजारपाजारच्यांना आणि उधारी देणाऱ्यांना कळवण्यापलीकडे अशा नोटिशीला फारसा अर्थ नसतो. वडील स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, त्यांना नोटिशीची गरजच नाही. उलट वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला जन्मसिद्ध हिस्सा पेपरातल्या चार ओळींनी पुसता येत नाही, आणि २००५ पासून तो मुलीलाही आहे. दांडिया बाजारातले कितीतरी जुने वाडे आजही पणजोबांच्या नावावर आहेत. तिथे "माझं घर" म्हणणाऱ्या बाबांनी आधी सातबारा नाही तरी सिटी सर्व्हेचा उतारा बघावा.

फक्त कशावरही सही करू नका. "हक्क सोडतो" असा कागद रागाच्या भरात पुढे केला जातो, आणि पोरं मानीपणाने सही करून मोकळी होतात. नोटीस फुसकी असते, हा कागद नाही.

नोटिशीची लाज वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा. राजपिपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ साली आपण गे असल्याचं उघड सांगितलं, तेव्हा त्यांच्या घरच्यांनीही वर्तमानपत्रांतून त्यांचं नाव टाकलं होतं. २०१८ मध्ये त्याच मानवेंद्रसिंहांनी नर्मदाकाठची हनुमंतेश्वरची आपली जागा घराबाहेर पडलेल्यांसाठी खुली करायचं जाहीर केलं.

९. मी २१ वर्षांची आहे, मैत्रिणीबरोबर राहते. घरच्यांनी मी हरवल्याची तक्रार दिली आहे. पोलीस मला पकडून नेतील का?

सज्ञान माणसाला घरी "सुपूर्द" करता येत नाही. इथल्या पोलिसी भाषेत बहुधा "जाणवाजोग" (गुन्ह्याची नव्हे, नुसती माहितीची) नोंद होते आणि पोलीस शोध घेतात. त्यांनी शोधण्याआधी तुम्हीच लेखी कळवलेलं बरं: मी सज्ञान आहे, स्वखुशीने घर सोडलं, कोणी पळवलं नाही, मला घरच्यांपासून धोका वाटतो. राहत्या जागेजवळच्या आणि घराजवळच्या अशा दोन्ही पोलीस ठाण्यांना द्या, पोच घ्या, जवळ वयाचा पुरावा ठेवा. जबाबाला जाताना वकील किंवा संस्थेचं कोणी बरोबर न्या. घरचे बाहेर बाकावर बसलेले असतात, आणि आईचं रडणं पाहून माणूस काहीही कबूल करतो. सोनं किंवा पैसे घेऊन पळाल्याचा आरोप हमखास होतो, म्हणून निघताना दागिने नेऊ नका, आजीने तुमच्यासाठीच केलेली चेन असली तरी.

घरच्यांनी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (डांबून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असा अर्ज) टाकला, तर सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ ला केरळातल्या एका प्रकरणात दिलेल्या सूचना वकिलाला दाखवा. अशा अर्जांत न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी घरच्यांपासून वेगळं बोलावं, तिच्या इच्छेला मान द्यावा आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न करू नये, असं त्यांत म्हटलंय. सर्वोच्च न्यायालयाच्याच ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञान माणसांचं परस्परसंमतीचं नातं गुन्हा राहिलेलं नाही, हे काही हवालदारांना अजून सांगावं लागतं. शांतपणे सांगा.

१०. आई म्हणते एका डॉक्टरकडे चल, ते "बरं" करतात. गेलो तर घरात राहू देतील. जाऊ का?

नका जाऊ. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कल बदलण्याचे "उपचार" म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध मानसिक रुग्णालयात ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कडक अटी आहेत, आणि "घरच्यांना पटत नाही" ही त्यांतली अट नाही. बुवा, अंगारा, धागा याबद्दल काय बोलावं. धागा बांधून घेतल्याने घरात शांतता राहणार असेल तर बांधून घ्या, पण एकट्याने बुवाच्या खोलीत जाऊ नका.

आईला खरंच डॉक्टरकडे जायचं असेल तर डॉक्टर तुम्ही निवडा, आणि पहिल्या भेटीला आईला एकटीला पाठवा. तिलाच जास्त गरज असते.

११. मुंबईला निघून जाऊ का? तिथे कोणी ओळखत नाही.

लगेच नको. कोणी ओळखत नाही हीच तिथली सोय आणि हाच तिथला धोका. बडोद्यात सेव-उसळीवर दिवस निघतो, खोलीची अनामत आवाक्यात असते, आणि चार माणसं चेहऱ्याने ओळखतात. नोकरी हातात आणि दोन महिन्यांचं भाडं खात्यात असेल तर खुशाल जा. पहिल्या रात्रीच्या रागात पकडलेल्या गाडीने गेलेले दोघे मला माहीत आहेत. एक परत आला. दुसऱ्याचा नंबर लागत नाही.

१२. आम्ही दोघं/दोघी एकत्र खोली घेऊ शकतो का? घरमालकाला काय सांगायचं?

कायद्याची आडकाठी नाही, आडकाठी मालकाच्या नजरेची. दोन मुलं किंवा दोन मुली एकत्र राहतात याचं आपल्याकडे कोणाला काही वाटत नाही. हा एक फायदा आहे, तो घ्या. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, न विचारलेल्याचं देऊ नका. भाडेकराराची आणि पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदणीची प्रत स्वतःजवळ ठेवा. तोच पुढे पत्त्याचा पुरावा होतो.

गुजरातेत "मैत्री करार" नावाची एक खास जुनी वाट आहे. स्टॅम्पपेपरवर दोघांनी एकत्र राहण्याचा करार करायचा. इथे स्त्रियांच्या जोड्यांनीही असे करार १९८० च्या दशकापासून केले आहेत. त्याने लग्न होत नाही, वारसा मिळत नाही. पण "हिला पळवून आणली" असं कोणी म्हणालं तर पोलिसांसमोर ठेवायला कागद असतो. लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्राने जोडखातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं आणि शिधापत्रिकेसाठी जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत, असं स्पष्ट केलं. बँकेतल्या माणसाला ठाऊक नसेल तर मॅनेजरला भेटा.

१३. मी ट्रान्स मुलगी आहे. बरानपुऱ्यात मासींकडे गेले तर?

गुजरातेत ज्यांना लोक "मासी" किंवा "पावैया" म्हणतात, त्या बहुचरामातेला मानणाऱ्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घरातून टाकलेल्यांना घर दिलंय. सरकारी निवारा यायच्या कितीतरी आधीपासून. त्याबद्दल मला आदर आहे. पण ते पूर्ण घर आहे, त्याला गुरू आहे, रीत आहे, कमाईचा वाटा आहे, वागण्याचे नियम आहेत. दोन रात्री राहून निघायची ती जागा नाही. शिक्षण किंवा नोकरी चालू ठेवायची असेल तर आधी गरिमा गृहाला विचारा (प्रश्न ४). आणि कोणीही, कुठेही, शस्त्रक्रियेची घाई करत असेल तर थांबा. ती रुग्णालयात, सर्जनकडे, तुमच्या वेळेने व्हायची गोष्ट आहे.

ट्रान्सजेंडर ओळखपत्राचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो. त्याच्या अटी बदलत राहतात, म्हणून भरण्याआधी त्या दिवशीचे नियम वाचा.

१४. माझ्या भावाच्या मुलीला मी ठेवून घेतलंय. ती सोळा वर्षांची आहे. भाऊ म्हणतो अपहरणाची केस करीन.

सज्ञान असती तर मी म्हटलं असतं, करू दे. सोळाव्या वर्षी मात्र तुम्ही कात्रीत आहात. नातं जवळचं असलं तरी पालकांच्या संमतीशिवाय ठेवणं अंगलट येऊ शकतं. आजच १०९८ ला किंवा बालकल्याण समितीला कळवा की मुलगी आपणहून आली, का आली, आणि मी सांभाळायला तयार आहे. असं मूल दिसल्यावर चोवीस तासांच्या आत कळवावं, असं कायदाही म्हणतो. आधी तुम्ही कळवलंत तर तुम्ही सांभाळणारी आत्या. भावाने आधी तक्रार दिली तर तुम्ही आरोपी. वहिनीला मात्र मुलीशी रोज एकदा फोनवर बोलू द्या. बहुतेक वेळा तिथूनच गाठ सुटते.

१५. आम्ही रागात मुलाला बाहेर काढलं. आता आठ महिने झाले. परत कसं बोलावू?

सॅन फ्रान्सिस्कोच्या एका अभ्यासात (२००९) घरच्यांनी फार झिडकारलेल्या गे, लेस्बियन आणि बायसेक्शुअल तरुणांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, न झिडकारलेल्या किंवा कमी झिडकारलेल्यांच्या ८.४ पट दिसलं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या एका वाक्याला तुम्हाला वाटतं त्याहून जास्त वजन आहे, म्हणून सांगते.

माफीचं भाषण तयार करू नका. रावपुऱ्यातल्या एका आईने सुरुवात डब्याने केली. मुलाच्या दुकानातल्या पोऱ्याबरोबर चार पोळ्या आणि कारल्याच्या काचऱ्या पाठवल्या, चिठ्ठी नाही. डबा दुसऱ्या दिवशी घासून परत आला, रिकामा. तिने पुन्हा पाठवला. बरेच दिवस डबा नुसता जात-येत राहिला. एकदा परत आला तो त्यात थोडा लीलो चेवडो (बडोद्याचा मऊ चिवडा) होता. त्या दिवशी तिने फोन केला, आणि विचारलं काय, तर "तेल बदललंय का रे त्यांनी?"

"ते सगळं सोडलंस का?" हा प्रश्न मात्र विचारू नका. तो विचारायचा असेल तर अजून थांबा.

१६. घरचे परत ये म्हणतात. खरं असेल का? जाऊ?

खात्री द्यायला मी कोण. काही खुणा सांगते. बोलावणं थेट आईवडिलांकडून आलंय की काकांच्या मध्यस्थीने? "ये" म्हणतात की "अमुक तारखेला ये"? तारीख सांगितली असेल तर त्या दिवशी घरात कोण येणार आहे ते शोधा. एका मुलीला सत्यनारायणाला बोलावलं होतं, आणि पूजेला नवऱ्या मुलाकडची सात माणसं बसली होती. लग्न लावायचा घाट दिसला तर प्रश्न ९ मधलं लेखी कळवणं आधी करा. तुमच्या संमतीशिवाय लग्न लावण्याचा हक्क कोणालाही नाही.

पहिली भेट दिवसा, तासाभराची, आणि शक्यतो बाहेर ठेवा. सुरसागरच्या काठावर आईसोबत बसायला काय हरकत आहे? घरी जायचंच तर एका मित्राला वेळ सांगून जा. भाड्याची खोली सोडू नका, सिम बदलू नका, मूळ कागद नेऊ नका.

वर सांगितलेला तो बारावीचा मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत पहिल्यांदा घरी गेला तेव्हा त्याने रिक्षा खाली थांबवून ठेवली होती, मीटर चालू. पाऊण तासाने त्याची आई खाली आली आणि तिने रिक्षावाल्याला पैसे देऊन टाकले. तो त्या रात्री राहिला. कागदांची पिशवी अजून माझ्या कपाटातच आहे.